इंदूरला मॅच बघायला येताय? दोन दिवस जास्तीचे काढून या

होळकर स्टेडियमवर सामना जाहीर झाला की आमच्या रामबागेतल्या घरचा फोन वाजायला लागतो. पुण्याचा भाचा, नाशिकची मावसबहीण, सांगलीहून वहिनींच्या माहेरचं कुणीतरी. प्रश्न सगळ्यांचे तेच: तिकीट मिळेल का, उतरायचं कुठे, आणि एवढ्या लांब येतोय तर बघायचं काय? इतकी वर्षं फोनवर सांगत आले, आता एकदाच सगळं नीट लिहून काढते.

बाहेरून येणारे बहुतेक जण सकाळी ट्रॅव्हल्सच्या बसमधून उतरतात, स्टेशनजवळ एखादी खोली घेऊन आंघोळ उरकतात, मॅच बघतात आणि रात्रीच्या बसने परत जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. स्टेडियमपासून राजवाडा जेमतेम तीन किलोमीटर. तेवढ्या टापूत होळकरांचं शहर आहे, सी. के. नायडूंचं क्रिकेट आहे आणि मध्यरात्र उलटली तरी पेटत्या भट्ट्यांपुढे उभी असलेली माणसं आहेत. उत्तरेत म्हणतात, बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र. ती रात्र बसच्या खिडकीतून दिसत नाही. म्हणून पहिली गोष्ट: सामन्याच्या आधी एक दिवस आणि नंतर एक दिवस मोकळा ठेवा. पुढचं सगळं नियोजन त्यावर उभं आहे.

कोणता सामना, त्यावर दिवस ठरवा

आमचं मैदान लहान. सीमारेषा जवळ, खेळपट्टी बहुतेक वेळा फलंदाजांना धार्जिणी. ८ डिसेंबर २०११ ला सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध २१९ केले ते इथेच. २२ डिसेंबर २०१७ ला श्रीलंकेविरुद्ध रोहित शर्माने ३५ चेंडूंत शतक ठोकलं तेही इथेच, आणि त्या दिवशी भारताची धावसंख्या होती २६०. सप्टेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३९९. एकदिवसीय किंवा टी-ट्वेंटी असेल तर पैसे वसूल होणार हे धरून चाला. मुलं बरोबर असतील तर एक मात्र लक्षात ठेवा: चेंडू प्रेक्षकांत वारंवार येतो. पुढच्या रांगेत बसून मोबाइलमध्ये डोकं घालू देऊ नका.

कसोटीचं गणित अगदी वेगळं आहे. इथे आजवर तीन कसोटी झाल्या. ऑक्टोबर २०१६ ची न्यूझीलंडविरुद्धची चौथ्या दिवशी संपली; त्यात कोहलीचे २११ आणि रहाणेचे १८८ होते. नोव्हेंबर २०१९ ची बांगलादेशविरुद्धची तिसऱ्या दिवशी संपली. मार्च २०२३ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसऱ्याच दिवशी सकाळी आटोपली आणि भारत हरला. तेव्हा इंदूरच्या कसोटीला येणार असाल तर पहिल्या दोन दिवसांची तिकिटं काढा. चौथा-पाचवा दिवस मांडू-महेश्वरसाठी आधीच राखून ठेवा. २०२३ ला आमच्याकडे आलेल्या मंडळींनी चौथ्या दिवसाची तिकिटं काढून ठेवली होती. त्या दिवशी आम्ही सगळे होळकरांच्या लालबाग राजवाड्यात फिरत होतो.

महिलांचे सामने सोडू नका. २०२५ च्या विश्वचषकातले पाच सामने इथे झाले आणि सुरुवातीची तिकिटं १०० रुपयांपासून होती. १९ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, भारत-इंग्लंड होता. सांगलीची मंडळी स्मृती मानधनासाठी आली होती. ती ८८ वर बाद झाली तेव्हा स्टेडियममध्ये जी शांतता पसरली ती अजून आठवते. आपण चार धावांनी हरलो. घरी आलो तर चकल्या तळायच्या राहिलेल्या, आणि कुणालाच बोलायचं नव्हतं.

तिकीट आणि गाडी एकाच दिवशी बघा

आधी तिकीट मिळू दे, मग गाडीचं बघू, असं करणारे दोन्हीकडून फसतात. सामना जाहीर होतो तेव्हाच येण्याजाण्याचं आरक्षण करून टाका. तिकीट नाहीच मिळालं तर आरक्षण रद्द करता येतं. भारताच्या सामन्याची तिकिटं ऑनलाइन सुरू झाली की बघता बघता संपतात. प्रेक्षकसंख्या तीस हजारांच्या आसपास, आणि त्यातलाही सगळा वाटा विक्रीला येत नाही. विक्रीची वेळ आधी जाहीर होते. त्या वेळी घरातल्या दोघा-तिघांनी वेगवेगळ्या फोनवरून लॉगिन करून, पैसे भरायची सोय तयार ठेवून बसायचं. गेट उघडायच्या सुमारास बाहेर काळ्या बाजाराने तिकिटं विकणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. भाच्याच्या मित्राने एकदा दुप्पट पैसे मोजले आणि गेटवरच्या यंत्राने ते तिकीट स्वीकारलंच नाही.

ऑनलाइन काढलेलं तिकीट घरपोच येणार, काउंटरवरून घ्यायचं की मोबाइलवरच दाखवायचं, हे सामन्यागणिक बदलतं. बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं, ते शेवटपर्यंत वाचा. काउंटरवरून घ्यायचं असेल तर आदल्या दिवशीच घ्या आणि ज्याच्या नावाने काढलंय त्याचं ओळखपत्र जवळ असू द्या.

जागा निवडताना एक साधा विचार करा. दुपारी सुरू होणाऱ्या सामन्यात ऊन पश्चिमेकडून येतं. नकाशात पश्चिमेकडची गॅलरी बघा. सूर्य पाठीशी राहतो आणि सावली लवकर येते. ऑक्टोबरात पूर्वेकडे बसलात तर पहिला डाव डोळ्यांवर हात धरून बघावा लागेल.

आता गाडी. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस सर्वांत सोयीची, संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून निघते आणि सकाळी इंदुरात. पुण्याहून थेट गाडी आहे. नागपूरकरांना भोपाळमार्गे वंदे भारत आहे. आरक्षण मिळालं नाही तर नकाशा थोडा मोठा करून बघा. मुंबई-दिल्ली मुख्य मार्गावरचं रतलाम आणि इंदूरपासून ५५ किलोमीटरवरचं उज्जैन, या दोन्ही ठिकाणी पुष्कळ गाड्या थांबतात आणि तिथून पुढे बस मिळतात. जळगाव-भुसावळकडच्यांनी खंडव्याला उतरावं. खंडव्याहून इंदूरला येताना ओंकारेश्वरचा फाटा वाटेतच लागतो.

स्वतःच्या गाडीने येणार असाल तर नाशिक, धुळे, शिरपूर, सेंधवा, धामनोद असा जुना आग्रा रोड. रस्ता चांगला आहे, पण सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट आणि धामनोद ते मानपूर हा चढ, दोन्ही ठिकाणी लादलेले ट्रक असतात. हे दोन टप्पे उजेडी पार करा. विमानाने येणाऱ्यांना काही सांगायला नको. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराला लागूनच आहे.

मेट्रोबद्दल सगळे विचारतात. ३१ मे २०२५ ला, अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीच्या दिवशी, सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला खरा, पण तो सुपर कॉरिडॉर नावाच्या शहराच्या कडेच्या रस्त्यावर आहे. स्टेडियमला जायला त्याचा उपयोग नाही.

उतरायचं कुठे

माझा निकष एकच: मॅच संपल्यावर पायी परत येता आलं पाहिजे. स्टेडियम रेसकोर्स रोडवर, जंजीरवाला चौकाजवळ आहे. साउथ तुकोगंज, यशवंत निवास रोड, न्यू पलासिया या भागात मध्यम दराची हॉटेलं आहेत आणि तिथून चालत जाता येतं. त्याहून स्वस्त हवं असेल तर स्टेशन आणि सरवटे बसस्थानकासमोरच्या छोटी ग्वालटोलीत लॉजेस आहेत. तिथून स्टेडियम दोन-अडीच किलोमीटर. खोली आधी बघून, मगच पैसे द्या. विजयनगरात मोठी हॉटेलं आहेत, पण सामन्याच्या रात्री तिकडे जायला रिक्षा मिळवणं म्हणजे दुसरी मॅच.

सामना जाहीर झाला की दर चढतात. एका हॉटेलने आमच्या पाहुण्यांचं आधी केलेलं आरक्षण ऐन वेळी रद्द केलं आणि तीच खोली दुप्पट भावाने दुसऱ्याला दिली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, आरक्षणाचा लेखी निरोप ठेवा आणि येण्याच्या दोन दिवस आधी फोन करून पुन्हा विचारा.

सरवटे हे नाव वाचून मराठी माणूस थबकतो, म्हणून सांगते. हे बसस्थानक संविधान सभेचे सदस्य तात्या सरवटे यांच्या नावाने आहे. क्रिकेटपटू चंदू सरवटे वेगळे. तेही होळकर संघाचेच. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध त्यांनी आणि शुटे बॅनर्जींनी दहाव्या-अकराव्या क्रमांकावर येऊन दोघांनीही शतकं केली आणि शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा जोडल्या.

आदला दिवस: राजवाडा पायी

सकाळी उठून आधी पोहे. तुम्ही पोह्यांच्या मुलखातून आलात, ठाऊक आहे. तरी इंदुरी पोहे वेगळे. फोडणी हलकी, पोहे वाफेवर ऊबदार ठेवलेले, त्यात बडीशेप, वरून शेव, कांदा, लिंबू आणि चिमूटभर जीरावन. जीरावन म्हणजे इथला आंबट-तिखट मसाला. तो घरी न्यायचाच आहे, नाव लक्षात ठेवा. सोबत गरम जिलबी. एक घास पोहे, एक तुकडा जिलबी. पुण्याचे लोक पहिल्या दिवशी नाक मुरडतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आधी तयार होऊन बसतात. उसळ-पोहे मिळाले तर तेही घ्या, ही इथल्या मराठी घरांची आवड आता सगळ्या शहराची झाली आहे.

मग एमजी रोडने राजवाड्याकडे चालायला लागा. वाटेत घड्याळाच्या मनोऱ्याचा गांधी हॉल लागतो. १९०४ चं बांधकाम, मूळ नाव किंग एडवर्ड हॉल. पुढे नदीकाठी कृष्णपुरा छत्र्या. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या या समाध्या. लोक रस्त्यावरूनच फोटो काढून पुढे जातात. तुम्ही आत जा, दगडावरचं कोरीव काम बघा, सकाळच्या तिरप्या उन्हात ते उठून दिसतं.

राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत मोठा भाग जळाला. माझ्या सासूबाई सांगायच्या, धूर रामबागेतून दिसत होता. मागचा भाग नंतर पुन्हा उभारला आहे. आत होळकरांच्या घराण्याची माहिती मांडली आहे आणि खासगी देवघर आहे. समोरच्या बागेत अहिल्यादेवींचा पुतळा. राज्यकारभार त्यांनी महेश्वरहून केला, १७६७ ते १७९५, पण इंदूरच्या मनात त्या इथेच आहेत. सोमवारी राजवाडा आणि लालबाग दोन्ही बंद असतात. सामना मंगळवारी असेल तर हे सगळं सामन्यानंतरच्या दिवशी ढकला.

राजवाड्यापासून इतवारिया बाजारातलं काच मंदिर दहा मिनिटांवर आहे. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर. भिंती, छत, खांब, जमीन, सगळीकडे काचेचे तुकडे. मुलांना फार आवडतं. कातडी वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा पट्टा घालून जाऊ नका.

दुपारी रिक्षाने लालबाग. १८८६ ला सुरू झालेलं हे काम १९२१ पर्यंत चाललं होतं. फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या नमुन्यावर इंग्लंडात ओतवून आणलेलं आहे. आत डागडुजी चालू असली तर काही दालनं बंद असतात, जायच्या आधी हॉटेलवाल्याला चौकशी करायला सांगा. दुसऱ्या यशवंतरावांनी १९३० च्या दशकात जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतलेला माणिकबाग राजवाडाही अनेकांना बघायचा असतो. तिथे आता सरकारी कार्यालय आहे. फेरी मारू नका.

जुन्या क्रिकेटवर प्रेम असेल तर या दिवसात आणखी एक फेरी बसवा. सी. के. नायडू १९२३ मध्ये होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदूरला आले आणि १९६७ मध्ये याच शहरात गेले. भारताचा पहिला कसोटी कर्णधार आमच्या गल्ल्यांतून फिरायचा. त्यांच्याबरोबर मुश्ताक अली होते. १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या काळात दहा वेळा रणजीची अंतिम फेरी गाठली आणि चारदा करंडक जिंकला. १९४५-४६ मध्ये इथल्या यशवंत क्लबवर म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ झाल्या आणि एका डावात सहा जणांची शतकं लागली. क्लब खासगी आहे, बाहेरूनच बघावा लागतो. नेहरू स्टेडियमवरूनही एक चक्कर मारा. ३१ मार्च २००१ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनने एकदिवसीय सामन्यांतल्या दहा हजार धावा तिथे पूर्ण केल्या. आणि राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा, १९७३ चा. हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो, तुम्हालाही सांगितलं.

म्हणूनच २०१० मध्ये महाराणी उषाराजे ट्रस्ट मैदानाला 'होळकर' हे नाव मिळालं तेव्हा इथल्या जुन्या माणसांचे डोळे भरून आले. आत शिरताना फाटकावरचं ते नाव वाचा.

सामन्याचा दिवस

सकाळी काही खास बघायचं ठेवू नका. खजराना गणपतीला जाऊन या, स्टेडियमपासून फार लांब नाही. बुधवारी गेलात तर रांग मोठी, मग सातच्या आत पोचा.

दुपारचं जेवण जपून. पाहुण्यांना दाल-बाफले खायचे असतात, आणि खायलाच हवेत. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी पाण्यात उकळायचा, मग निखाऱ्यावर भाजायचा आणि तुपात बुडवायचा. दोन बाफले पोटात गेले की डोळे मिटायला लागतात. एका वर्षी दुपारी बाफले खाऊन गेलेले आमचे मेहुणे पहिल्या वीस षटकांत खुर्चीतच झोपले. बाफले सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. आज पोळी-भाजी, वरण-भात, ताक.

स्टेडियमभोवतीचे रस्ते काही तास आधीच बंद होतात. कोणता रस्ता बंद आणि वाहनतळ कुठे, हे आदल्या दिवशीच्या किंवा त्या दिवशीच्या हिंदी वर्तमानपत्रात छापून येतं. हॉटेलातला अंक उघडा, त्या पानाचा फोटो काढून ठेवा. गाडी असेल तर ती हॉटेलवरच राहू द्या. तिकिटावर गेट क्रमांक असतो. मैदानाला पूर्ण वळसा घालून जावं लागू शकतं, म्हणून गेट कोणत्या रस्त्याने आहे ते निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

खिशात मोबाइल, तिकीट, ओळखपत्र, थोडे रोख पैसे. एवढंच. मोठी बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, काडेपेटी, परफ्यूम, नाणीसुद्धा साधारणपणे गेटवर अडवतात, आणि बाहेर ठेवायची सोय असेलच असं नाही. झेंडा न्या, काठी नको. औषध घ्यावं लागत असेल तर चिठ्ठीसकट न्या. मोबाइलचं नेटवर्क हजारो लोकांत हमखास कोलमडतं. मोबाइलवरच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढा आणि घरचे हरवले तर कुठे भेटायचं ती जागा ठरवून ठेवा. आम्ही जंजीरवाला चौकातली एक खूण ठरवतो.

दीडचा सामना असेल तर साडेअकराला रांगेत लागा, सातचा असेल तर पाचला. लवकर जाण्यात तोटा नाही, सराव बघायला मिळतो.

नोव्हेंबर ते जानेवारी येणार असाल तर स्वेटर अंगावर घालूनच जा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. दुपारी ऊन चांगलं लागतं आणि दिवे लागले की गारठा चढतो. मुंबईचे लोक अर्ध्या बाहीत येतात आणि दुसऱ्या डावात कुडकुडत बसतात.

कचऱ्याबद्दल एक विनंती, अगदी कळकळीने. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आहे आणि त्यामागे सफाई कर्मचाऱ्यांची रोजची मेहनत आहे. पहाटे साडेपाचला आमच्या गल्लीत घंटागाडी येते, ओला-सुका वेगळा करून द्यावा लागतो. इथे रस्त्यावर थुंकलं किंवा कागद टाकला की दंड होतो, आणि त्याआधी शेजारचा माणूस टोकतो. हातातला कप कचराकुंडी दिसेपर्यंत हातातच राहू द्या.

मॅच संपल्यावर

सगळे एकदम बाहेर पडतात आणि सगळे ॲपवर टॅक्सी शोधतात. भाव तिप्पट दिसतो आणि गाडी येत नाही. घाई करू नका. गर्दीबरोबर पलासियाच्या दिशेने चाला. दहा-पंधरा मिनिटांत छप्पन दुकान येतं. नावाप्रमाणे छप्पन दुकानांची रांग. आता तिथे वाहनबंदी असल्याने मुलांना मोकळं सोडता येतं. दिवसाचा सामना असेल तर हीच जागा. पोटात थोडी जागा ठेवून खा.

कारण रात्रीचा सामना असेल तर तुम्हाला सराफ्याला जायचं आहे. राजवाड्याच्या मागे सोन्याचांदीचा बाजार. नऊ-साडेनऊला पेढ्यांची शटर खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. दोनपर्यंत चालतं. सराफा पूर्ण शाकाहारी. टी-ट्वेंटी अकराच्या सुमारास संपते, रीगल चौकापर्यंत चालत या, तिथून रिक्षा करा. चौघांत एक-एक प्लेट घ्यायची, नाहीतर तिसऱ्या गाडीशी थांबावं लागतं.

माझा क्रम असा. आधी भुट्ट्याचा कीस: मक्याची कणसं किसून दुधात-तुपात शिजवलेली, वर खोबरं-कोथिंबीर. पावसाळ्यात हा सर्वांत गोड लागतो. हिवाळा असेल तर गराडू. हा कंद इतर ऋतूंत मिळत नाही. तळून, लिंबू पिळून, मसाला भुरभुरून देतात, आणि बोटं भाजत खाण्यातच त्याची गंमत आहे. मग खोबऱ्याचं पॅटिस. मग दहीवडा, जिथे द्रोण हवेत उडवून झेलतात आणि चिमटीतून एकेक मसाला वेगळा सोडतात. साबुदाण्याची खिचडीही इथे आहे, पण आपल्या उपवासाच्या खिचडीसारखी नाही. वर शेव आणि जीरावन घालून देतात. शेवटी मालपुवा-रबडी, किंवा हाताच्या पंजाएवढा जलेबा. शिकंजी मागवताना लक्षात घ्या, लिंबाचं सरबत येणार नाही. इथली शिकंजी म्हणजे आटवलेलं दाट दूध, सुकामेवा घातलेलं.

मुली-बायका एकट्या फिरू शकतात का, असं मला विचारतात. सराफा आणि राजवाड्याच्या भागात मी स्वतः बहिणींबरोबर मध्यरात्रीपर्यंत असते, घरच्या बायका-मुलांची तिथे गर्दी असते. तरी खरं तेच सांगायला हवं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकासाठी आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंशी याच शहराच्या रस्त्यावर एका माणसाने गैरवर्तन केलं. त्याला लगेच अटक झाली. आम्हाला मान खाली घालावी लागली. सामसूम रस्त्याने एकटीने चालू नका, रिक्षाचा नंबर घरी पाठवा, आणि ११२ हा क्रमांक लक्षात ठेवा.

दुसरा दिवस: परतीच्या वाटेवरचं निवडा

उज्जैन, ओंकारेश्वर, मांडू, महेश्वर एका दिवसात उरकायचा हट्ट करू नका. परत ज्या दिशेने जायचं आहे त्या दिशेचं एक ठिकाण घ्या.

रेल्वेने रतलाममार्गे जाणाऱ्यांनी उज्जैन करावं. महाकालाचं आजचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारलं. भस्म आरतीची नोंदणी बरीच आधी करावी लागते. ती झाली नसेल तर दुपारचं साधं दर्शन घ्या. २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीची कामं चालू आहेत, रस्त्याला वेळ जास्त धरा. खंडव्याकडे जाणाऱ्यांना ओंकारेश्वर. दीड तास जास्त असेल तर महूला बाबासाहेबांच्या जन्मभूमीचं स्मारक जरूर बघा. ते अगदी वाटेत नाही, पण इंदूरपासून २३ किलोमीटरवरच आहे. पाऊसकाळात सामना असेल आणि मुलं बरोबर असतील तर पातालपाणीचा धबधबा.

मांडूला पूर्ण दिवस लागतो. जहाज महाल आणि रूपमती मंडप एवढंच घाईत बघून येणाऱ्यांना मांडू कळत नाही, म्हणून वेळ नसेल तर पुढच्या खेपेला ठेवा.

निघण्याआधी खरेदी: लवंग शेव, रतलामी शेव आणि जीरावन. शेव नेहमी ताजी बघून, वजन करून घ्या. साड्या मात्र इंदुरातून घेऊ नका, कारण धुळे-नाशिककडे परतणाऱ्यांच्या वाटेवर त्यांचं मूळ गावच आहे.

सकाळी सातला निघालात तर धामनोदला साडेनवाच्या आत पोचाल. तिथून महामार्ग सोडून तेरा-चौदा किलोमीटर आत महेश्वर. आधी अहिल्यादेवींचा वाडा बघा. इतकं मोठं राज्य चालवणाऱ्या बाईंची ती साधी बैठक बघून आमच्या पुण्याच्या भाच्याने चपला काढलेल्या असूनही पुन्हा एकदा पायांकडे बघितलं होतं. मग विणकरांकडे जाऊन माग चालताना बघा आणि माहेश्वरी साडी तिथेच घ्या. शेवटी घाटाच्या पायऱ्या उतरून नर्मदेत पाय सोडून बसा. नाव मिळते, पैसे आधी ठरवा. दुपारी दोनला परत महामार्गावर लागलात तर बिजासन घाट उजेडी पार होतो आणि धुळ्यात रात्रीच्या जेवणाला पोचता.